ढब्बूचा डबा

"त्याला इचारा आधी," असं म्हणून ते जनावरासमोर उकिडवे बसत, उजव्या हाताचा पंजा उताणा करून त्याच्या नाकापुढे धरत आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहत. गाय असो, बोकड असो, नाहीतर कुणाचं चावरं कुत्रं असो. जनावर हुंगायचं, थोडा विचार करायचं आणि बहुतेक वेळा मान खाली घालायचं. तेवढं झाल्याशिवाय दवाखान्यात मलमपट्टी करणारे आमचे ड्रेसर मामा कुठल्याही जनावराला हात लावत नसत. मी मागे सिरिंज घेऊन उभा असे. मला जनावरांनी कधी विचारलं नाही आणि मीही त्यांना कधी विचारलं नाही.

मला मामांचा हेवा वाटायचा. आता केस पांढरे झाले, नोकरी संपली, तेव्हा लपवून ठेवण्यात काय अर्थ आहे? तुमच्याही नोकरीत असा एखादा माणूस असेल. हुद्द्यानं तुमच्या खाली, वयानं वर, आणि त्याच्यावाचून लोकांचं पान हलत नाही. तुम्ही त्याला 'मामा, मामा' करता, त्याच्या हातचा चहा पिता आणि आतल्या आत जळता. मी तसा सात वर्षं जळलो.

न्हावऱ्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमचा जनावरांचा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे जनावर उभं करायचा लोखंडी खोडा आणि एक कडुलिंब. मी तिथे पशुधन पर्यवेक्षक होतो. खरा डॉक्टर शिरूरला असे आणि आठवड्यातून एकदा येई, पण गावात सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टरच. डिप्लोमा माझा, सही माझी, शिक्का माझा. तरी गायीला घेऊन आलेला माणूस दारातूनच विचारायचा, "मामा हायेत का?"

"मी आहे ना," मी म्हणायचो.

"तुम्ही हाय ते दिसतंय की. मामा कुठं गेले?"

मामा साठीकडे झुकलेले, सडपातळ, खाकी कपड्यातले. सायकलवर यायचे. खोड्यात थयथयाट करणारी म्हैस त्यांनी कानामागे खाजवलं की डोळे मिटून उभी राहायची, आणि मी सुई टोचली की माझ्याकडे असं बघायची की हा मधेच कोण आला! लोक जाताना मामांना हात जोडायचे. मला म्हणायचे, "बरंय डॉक्टर, येतो." या दोन्हींतला फरक मला रोज कळायचा आणि रोज लागायचा.

आमची एकुलती एक मुलगी त्या वर्षी पुण्याला शिकायला गेली. घर एकदम गप्प झालं. बायको, विमल, दिवसभर रेडिओ लावून ठेवायची आणि ऐकत काहीच नसायची. शिक्रापूरला एका कारखान्यातले इंजिनियर राहायचे. त्यांच्या लॅब्रेडॉर कुत्रीचं लसीकरण मी रविवारी जाऊन करून द्यायचो. तिला पिल्लं झाली तेव्हा त्यांनी एक मला दिलं. दोन महिन्यांचं, पिवळसर, पोट जमिनीला लागणारं. सोबत एक खेळणंही दिलं. परदेशातून आणलेलं, लाल रबराचं, भोवऱ्याच्या आकाराचं आणि आतून पोकळ. एका बाजूला मोठं भोक, दुसऱ्या टोकाला बारीक. "यात खाणं भरून द्या," ते म्हणाले, "चाटत बसतं तासभर. चपला वाचतात."

जर्किनच्या आत घालून मी ते पिल्लू मोटारसायकलवरून आणलं. ट्रकचा हॉर्न वाजला की ते माझ्या काखेत तोंड खुपसायचं. त्या साऱ्या रस्त्यात मी एकच ठरवत होतो. पंचक्रोशीतली सगळी जनावरं मामांची असू देत, हे एक माझं. हे एक जनावर मला ओळखेल, माझ्यासाठी दारात येऊन बसेल. हसू नका. चाळिशीच्या माणसाला अशी हौस असू शकते.

विमलनं त्याचं नाव ढब्बू ठेवलं. पोटाकडे बघून दुसरं नाव सुचण्यासारखं नव्हतंच.

त्याच संध्याकाळी मी ते लाल खेळणं भरलं. ग्लुकोजची बिस्किटं दुधात कालवली, वर गुळाचा खडा घातला. खालच्या बारीक भोकातून दूध गळायला लागलं म्हणून कणकेच्या गोळीनं ते भोक बुजवलं. माझ्या हुशारीवर मी खूश होतो. ढब्बूनं दोनदा जीभ लावली, खेळणं गडगडत पलंगाखाली गेलं, आणि तो माझी चप्पल घेऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मामा रजिस्टरवर सही घ्यायला घरी आले. विमलनं त्यांना ते खेळणं दाखवलं. मामांनी आधी पंजा उताणा करून ढब्बूला रीतसर विचारलं. ढब्बूनं पंजा चाटला, मनगट चाटलं, आणि पँटला लावलेल्या सायकलच्या क्लिपपर्यंत सगळ्या पायाचा वास घेतला. माझ्याशी ओळख करून घ्यायला त्याला एवढा वेळ लागला नव्हता, म्हणजे त्यानं तो दिलाच नव्हता. मग मामांनी खेळणं डोळ्याला लावलं आणि उजेडाकडे धरून आरपार बघितलं.

"हे बारीक भोक कुणी बुजवलं?"

"मी. गळत होतं."

"गळू द्या की. ते हवेला ठिवलंय, डॉक्टर. लेकरानं जीभ आत घातली आन् हवा कोंडली, तर जीभ सुटायची न्हाई." त्यांनी आगकाडीनं कणीक टोकरून काढली. "तांब्यात तोंड अडकल्यालं कुत्रं सोडवलंय म्या. तांब्याच्या बुडाला भोक पाडलं, तवा सुटलं."

विमल माझ्याकडे बघत होती. लग्नाला वीस वर्षं झालेली बायको न बोलता काय म्हणते ते नवऱ्याला कळतं.

"मग यात भरायचं तरी काय, मामा?" तिनं विचारलं. मला विचारलं नाही. डिप्लोमा समोरच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेला होता.

"तुमी जेवता त्यातलं काय बी नगं," मामा म्हणाले. "कांदा न्हाई, लसूण न्हाई, मीठ न्हाई. चॉकलेट न्हाई. बिस्कुट न्हाई, गूळ न्हाई."

आमचा भाग कांद्याचा. शेतात कांदा, चाळीत कांदा, आणि घरात कांदा न घातलेला पदार्थ शोधायचा तर देवापुढचा नैवेद्यच बघावा लागतो. विमल हसायला लागली. "उरलं काय मग?"

मग मामा उंबऱ्याशी बसून सांगत गेले आणि ती कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहीत गेली. लाल भोपळा साल काढून, बिया काढून उकडलेला. गाजर तसंच. मऊ भात, आळणी. घरचं दही चमचाभर, सोसलं तर. कोंबडी केलीच तर फोडणीच्या आधी दोन तुकडे नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढायचे आणि हाडाची कपची राहिली नाही ना हे बोटांनी चाचपून बघायचं. नवा पदार्थ एका वेळी एकच, मग दोन दिवस त्याची शी बघायची. आणि खेळण्यात जेवढं गेलं तेवढं ताटातून कमी.

"आन् ठासून भरू नगा. सैल भरा. लेकरू हाय. पयले चार दिस त्याला जिकू द्या, मग घट्ट भरा." विमलनं लगेच भोपळा उकडून आणला, तेव्हा त्यांनी त्या लगद्यातलं बोटभर स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिलं, मीठ नाही ना म्हणून. विमलनं तेव्हाच त्या खेळण्याचं नाव डबा ठेवलं. कारखान्यात जाणाऱ्या माणसाला देतात तसा ढब्बूचा डबा.

त्यानंतर दवाखाना बंद झाला की घरी जाताना मामा रोज आमच्या दारात थांबायला लागले. विमल उकडलेलं काहीतरी वाटीत काढून ठेवायची, ते उंबऱ्यावर बसून डबा भरायचे, ढब्बू त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बघायचा. विमल पुष्कळ दिवसांनी बोलायला लागली होती. मुलीचं सांगायची, मुलीच्या पत्रातलं वाचून दाखवायची. मी पेपर उघडून आतल्या खोलीत बसायचो आणि एक अक्षर वाचायचो नाही.

सायकलचा आवाज कोपऱ्यावर आला की ढब्बू डबा तोंडात धरून फाटकाशी धावायचा. माझ्या मोटारसायकलचा आवाज त्याहून कितीतरी मोठा. त्याला ऐकू येत नसावा.

मी काय काय केलं ते सांगतो. एकदा मामांच्या आधी घरी येऊन तोच भोपळा, तीच वाटी, तसाच सैल डबा भरला. ढब्बूनं हुंगला, उचलला, आणि फाटकापाशी नेऊन ठेवला. मामांची वाट बघत बसला! एकदा मी दवाखान्यातल्या स्टोव्हवर स्वतः भोपळा उकडला. मामांनी पातेल्यात डोकावून फक्त एवढंच म्हटलं, "साल काढली असती तर बरं व्हतं." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता तरी आलं असतं. एकदा तर मी त्यांच्यासारखा पंजा उताणा करून रस्त्याकडे बघत बसलो. पाय दुखायला लागले. वळून पाहिलं तर ढब्बू झोपला होता.

श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला. मुलगी पुढच्या आठवड्यात सुटीवर यायची होती, विमलला उत्साह होता. शिरा भरपूर केला. तासगावकडच्या पाहुण्यांनी बेदाण्याचा डबाच्या डबा आणून दिला होता, तो तिनं सढळ हातानं शिऱ्यात घातला. सकाळी अकरापर्यंत पूजा आटोपली आणि ओटा माणसांनी भरला.

मामाही आले. मामा बौद्ध. सत्यनारायणाचा प्रसाद ते घेत नसत. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी आग्रह करत नसे आणि तेही त्याचा गाजावाजा करत नसत. विमलनं न सांगता त्यांच्यासाठी वेगळा चहा आणला. ओट्याच्या कडेला बसून ते चहा पीत होते आणि ढब्बू त्यांच्या पायाशी. इतर लोक द्रोणातला शिरा खात होते.

आमच्याकडे पद्धत अशी की प्रसाद घरातल्या सगळ्या जिवांना द्यायचा. गोठ्यात गाय असेल तर गायीला, दारात कुत्रं असेल तर कुत्र्याला. मी आतून ढब्बूचा डबा आणला आणि शिऱ्याचं पातेलं पुढे ओढलं.

मामांनी पातेल्यात पाहिलं. कप खाली ठेवला. "डॉक्टर, ढब्बूला परसाद देऊ नगा हं. त्याला ह्यातलं काय बी नगं."

ओट्यावरची माणसं बघायला लागली. आणि माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येतं, ही त्यातली वाईट गोष्ट. माझं घर, माझी पूजा, माझं कुत्रं, आणि चार माणसांत मला मनाई करणारा हा कोण? महिन्याभराचं साठलेलं एका वाक्यात बाहेर आलं.

"मामा," मी हसत हसत म्हणालो, "आमचं कुत्रं पण तुमच्यातलं करून घेता की काय?"

दोघेतिघे खो खो हसले.

'तुमच्यातलं.' या शब्दाला आमच्या गावांत एकच अर्थ आहे आणि तो तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की मला तसं म्हणायचं नव्हतं, ढब्बू त्यांच्याकडे जातो एवढंच म्हणायचं होतं. ते खोटं आहे. दोन्ही अर्थ मला ठाऊक होते आणि दोन्ही मीच बोललो होतो. एका अर्थाआड दुसरा लपवता येतो म्हणूनच तर तो शब्द माझ्या तोंडात इतका चटकन आला.

"तसं न्हाई डॉक्टर, त्यात बे..." मामांनी सुरुवात केली. मग हसणाऱ्यांकडे पाहिलं. थांबले. कपातला उरलेला चहा त्यांनी शांतपणे संपवला, कप नळाखाली धुऊन पालथा ठेवला, चपला घातल्या आणि सायकल हातात धरून फाटकाबाहेर गेले.

मी डबा शिऱ्यानं गच्च भरला. ढब्बूला तुपाचा वास आला आणि तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताकडे धावला. चाटून चाटून त्यानं डबा रिकामा केला, माझ्या गुडघ्यावर पाय ठेवून आणखी मागितला. मी आणखी दिला. पुन्हा दिला. तो माझी बोटं चाटत होता आणि मी फाटकाकडे बघत होतो. मामांनी एकदा वळून हे बघावं, एवढीच माझी इच्छा होती. इतका आनंद मला नोकरीत कायम झाल्यावरही झाला नव्हता.

दिवेलागणीला ढब्बूला ओकारी झाली. नंतर आणखी दोनदा. तूप जास्त झालं, मी म्हणालो, आणि उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं.

"मामांना बोलावू का?" विमलनं विचारलं.

"का? मी मेलोय का?"

सकाळी ढब्बू उठला नाही. डबा तोंडासमोर धरला तरी मान फिरवली. रात्रीपासून अंगणात एक थेंबही लघवी केलेली दिसत नव्हती. मी पुस्तक उघडून बसलो होतो आणि त्यातलं काही डोक्यात शिरत नव्हतं. विमल मला न विचारता चपला सरकवून बाहेर पडली. वस्तीवर मामांचं घर दहा मिनिटांवर. ती चालत गेली आणि मामा सायकलवर तिच्या आधी आले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती. आज त्यांनी पंजा पुढे केला नाही, ढब्बूला सरळ उचलून घेतलं.

"बेदाणं किती व्हतं शिऱ्यात?"

"बेदाणे?"

"त्येच सांगत व्हतो काल." आवाज चढलेला नव्हता. "जुन्नरकडं नोकरीला व्हतो तवा एका बागायतदाराची दोन कुत्री वाळत घातल्याल्या बेदाण्यावर पडली. खाल्लं, ओकली, तिसऱ्या दिवशी लघवी बंद. दोन्ही गेली. मालक म्हनला, कुणीतरी इख घातलं. डॉक्टर म्हनले, पुस्तकात असं न्हाई. पन म्या दोन्ही कुत्र्यांचं ओकल्यालं बघितलं व्हतं. बेदाण्याबिगर त्यात काय बी नव्हतं." मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं, तुमी रागात बोललात, पन देणार न्हाई."

मी खाली बघितलं. प्रसाद नको, हे त्यांनी देवासाठी म्हटलं नव्हतं, धर्मासाठीही नाही. एका पिल्लाच्या पोटासाठी म्हटलं होतं. त्यात धर्म मी घातला होता.

दवाखान्यात नेलं. शिरूरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बेदाण्याचं मी ऐकलेलं नाही, पण ड्रेसर म्हणतोय तर सलाईन सुरू करा. आणि लघवीवर लक्ष ठेवा, ती झाली तर वाचेल." सलाईन लावायचं काम माझं. ढब्बूच्या पुढच्या पायाची शीर दोऱ्याएवढी आणि मी घाईत. दोनदा चुकलं. मामांनी कोपराशी अंगठा दाबून शीर वर आणली. "हितं. आता घाला. घाई न्हाई." तिसऱ्या वेळी सुई बरोबर बसली.

दोन दिवस आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. सलाईनची बाटली माझ्या बाजूला टांगलेली, पण ढब्बू मामांच्या मांडीवर. गायीम्हशी घेऊन आलेली माणसं खोड्यापाशी खोळंबली होती, त्यांना आत काय चाललंय कळेना. दोन सरकारी माणसं एका पिल्लाच्या लघवीची वाट बघत बसलीत, हे कुणाला सांगणार? आम्ही कामापुरतं बोलत होतो. बाटली बदला. पाय धरा. मला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं. पण ढब्बू गेला तर त्या माफीचं काय करायचं, आणि वाचला तर मागू की, असं म्हणत मी ती पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा एकदम ओरडले, "मुतला! डॉक्टर, मुतला!" त्यांची खाकी पँट मांडीवर भिजली होती, आणि ते ती झटकतही नव्हते. हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मीही रडलो. आणि खरं सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. त्या रडण्यातसुद्धा माझ्या मनात आलं, माझ्या मांडीवर का नाही?

ढब्बू उभा राहिला, भात खायला लागला. चौथ्या दिवशी मामांनी धुतलेला डबा माझ्या हातात दिला. "आता तुमीच भरत जावा."

"संध्याकाळी या ना तुम्ही."

"येईन की," ते म्हणाले.

ते कधीच आले नाहीत. दवाखान्यात काही बदललं नाही. सिरिंज हातात देत, डॉक्टर म्हणत, चहा करत. ढब्बूला लस टोचायला आणलं की त्याचे कान चोळत. पण संध्याकाळी त्यांची सायकल आमच्या गल्लीत न वळता सरळ पुढे जायची. ढब्बू काही महिने त्या वेळेला डबा घेऊन फाटकाशी बसायचा. विमल दारातून ते बघायची आणि माझ्याशी बोलायची नाही. मग तो बसायचा थांबला. हळूहळू माझ्याकडे यायला लागला. भोपळा उकडणारा, गाजर कुस्करणारा, मीठ नाही ना हे जिभेवर ठेवून बघणारा आता मीच होतो. मला हवं होतं ते सगळं मिळालं. रोज संध्याकाळी डबा भरताना ते आठवायचं आणि तो चमचा जड व्हायचा.

माफी राहिली. तीन वर्षं आम्ही त्याच दोन खोल्यांत होतो. कितीदा मी "मामा" म्हणून हाक मारली, ते वळले, आणि मी म्हणालो, "कापूस संपलाय." ते निवृत्त झाले तेव्हा नारळ-शाल देऊन मीच भाषण केलं. त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोललो.

ते मुलीकडे दौंडला राहायला गेले. वर्षभरात ते वारल्याची बातमी मला पंधरा दिवस उशिरा कळली. एकटं जायचा धीर होईना, म्हणून ढब्बूला घेतलं आणि ओळखीच्या दुधाच्या टेम्पोत बसून दौंडला गेलो. रेल्वे लायनीच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर. मामांची मुलगी दारात आली. आत शेजारच्या दोघी बसल्या होत्या. तिनं त्यांना माझी ओळख करून दिली.

"हेच आप्पांचे डॉक्टर. अन् हेच ते कुत्रं. मरायला टेकलं व्हतं. सुईसुद्धा शिरंना अशी बारीक शीर, पन ह्यांनी बरोबर गाठली. आप्पा सारखं सांगायचे. म्हनायचे, आमच्या डॉक्टरसारखा हात तालुक्यात न्हाई."

शेजारणींनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मला पुन्हा त्या माणसाचा हेवा वाटला. मेल्यावरही तो माझ्यापेक्षा मोठा निघाला होता. शेजारणी गेल्या तेव्हा मी म्हणालो, "ताई, ते खरं नाही. ढब्बू मामांमुळे वाचला. त्याला बेदाणे मीच घातले होते."

"ठावं हाय मला," ती चहा ओतत म्हणाली. "ते बी सांगितलं व्हतं. चुकून दिलं म्हनले, माणूस चुकतं. बाहेर बोलू नगं म्हनले."

"आणि प्रसादाचं?"

तिनं वर पाहिलं. "कसला परसाद?"

त्यांनी घरातही सांगितलं नव्हतं. मला तिथेच गप्प बसता आलं असतं. मामांनी माझी अब्रू जिथे ठेवली होती तिथे ती तशीच राहिली असती. मी तिला सगळं सांगितलं. ओट्यावर कोण कोण होतं, मी हसत हसत काय म्हणालो, कोण हसलं. तो शब्द मी जसाच्या तसा तिच्यासमोर उच्चारला.

ढब्बूच्या पाठीवर तिचा हात होता, तो तिनं काढला नाही.

"तवा मी घरीच व्हते, लग्न व्हायचं व्हतं माझं," ती म्हणाली. "आप्पा ताटावर बसायचे आन् दोन घास खाऊन उठायचे. आठ दिस. आई म्हनायची, पोट बिघडलंय ह्यांचं. आमी ओव्याचं पाणी दिलं, हिंग दिला. आप्पा गुमान पेत व्हते." तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्यो हाच आठवडा व्हता व्हय?"

"व्हय," मी म्हणालो.